चौदापैकी तेरा

टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. काहीही बंद पडलं की दोष आपल्या बाजूला आहे की समोरच्या, हे तो आधी शोधतो, आणि समोरच्या बाजूला निघाला की त्याला मनापासून बरं वाटतं. त्या मंगळवारी सकाळी गयासभाईंना असंच बरं वाटलं, आणि पाठोपाठ त्याची लाजही वाटली.

फजरची नमाज पढून ते शहागंजातल्या आपल्या घराच्या गच्चीवर फोन घेऊन बसले होते. गेल्या आठ महिन्यांत हा नेम चुकला नव्हता. छावणीतल्या बोलक्या ग्रंथालयाचं पान उघडायचं आणि फहमिदाच्या आवाजातलं एक प्रकरण ऐकायचं. एकच. जीव कितीही ओढला तरी दुसरं लावायचं नाही. फहमिदा म्हणजे त्यांची बायको. उर्दू शाळेत तिनं तीस वर्षं मराठी शिकवली आणि निवृत्त झाल्यावर, ज्यांना दिसत नाही अशांसाठी घरी बसून पुस्तकं वाचून त्यांचं रेकॉर्डिंग केलं. एकोणीस पुस्तकं पुरी झाली. विसावं अर्ध्यावर ठेवून ती आठ महिन्यांपूर्वी गेली. ग्रंथालयाच्या मशीनशिवाय तिचा आवाज दुसरीकडे कुठंही नव्हता. घरच्या कॉम्प्युटरवर जागा पुरत नाही म्हणून फाइल पोचली की ती लगेच पुसून टाकायची, आणि लग्नाच्या कॅसेटमध्ये तर ती लाजून एक शब्द बोलली नव्हती. त्या एका बाबतीत कॅसेट खोटं सांगते, असं गयासभाई नेहमी म्हणायचे.

एकोणीस पुस्तकं ऐकून झाली. विसाव्याची दहा प्रकरणं झाली. आज अकरावं होतं आणि अकराव्यानंतर काही नव्हतं.

पान उघडलंच नाही. गयासभाईंनी फोनचं नेट बघितलं, दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालून बघितलं, खाली जाऊन शेजाऱ्याच्या वायफायवरून बघितलं. दोष ग्रंथालयाच्या बाजूला होता. म्हणजे शेवटचं प्रकरण आज ऐकावं लागणार नव्हतं. एवढाच तो आनंद, नि एवढ्याचीच ती लाज.

साडेदहाला ग्रंथालयातून रत्नमालाताईंचा फोन आला. वाचक जमवणं, फाइली तपासणं, ऐकणाऱ्यांचे फोन घेणं, मशीन सांभाळणं ही सगळी कामं एकट्या रत्नमालाताई बारा वर्षं करत होत्या.

"भाई, फायरवॉल उठंना. मशीन चालू हाय, पण फायरवॉल सुरू केली की लगेच पडायलीय. मला तर काहीच समजंना. तुम्ही येता का?"

"आपण येतो ताई," गयासभाई म्हणाले. आठ महिन्यांत ते छावणीकडे फिरकले नव्हते. स्कूटर दोनदा किक मारूनही सुरू झाली नाही तेव्हा तिलाही जायची इच्छा नसावी असं त्यांना वाटलं. तिसऱ्या किकला झाली.

फायरवॉल म्हणजे मशीनच्या दारावरचा राखणदार. ग्रंथालयाचं दार ऐकायला सगळ्या जगाला उघडं असायचं, पण नवी फाइल आत ठेवायची परवानगी फक्त वाचकांच्या घरच्या कॉम्प्युटरना. आणि राखणदार उभा राहिल्याशिवाय ग्रंथालय उघडायचंच नाही, अशी गाठ गयासभाईंनीच मशीनमध्ये मारून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी कोण कुठला उपद्व्यापी बाहेरून आत शिरला आणि चाळीस तासांचं वाचन पुसून गेला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गयासभाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या. एकीत पुस्तकं, दुसरीत भिंतींना गोधड्या ठोकून केलेली रेकॉर्डिंगची जागा आणि कपाटात ठेवलेलं मशीन. लिनक्सवर चालणारं हे मशीन गयासभाईंनीच निवृत्तीच्या वर्षी बसवलं होतं. रत्नमालाताईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला, आणि नेहमी बाजूला उभं राहून प्रत्येक ओळ विचारणाऱ्या बाई आज मूग गिळून पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसल्या.

गयासभाईंनी फायरवॉल सुरू करायचा हुकूम दिला. क्षणभर शांतता, मग लाल अक्षरं, सुरू होऊ शकली नाही.

काल संध्याकाळी युपीएसची बॅटरी बदलायला मशीन बंद केलं होतं, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. तेव्हा दोष सुरू होण्याच्या क्रमात असणार. इंटरनेट यायच्या आधीच राखणदार उठत असेल, असं त्यांना वाटलं. तपासलं. तसं नव्हतं, तो क्रम त्यांनी स्वतःच कधीच लावून ठेवला होता. मग वाटलं, जुन्या पद्धतीची एक फायरवॉल मशीनमध्ये पडून आहे, तीही जागी झाली असेल. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बघितलं, तर जुनी निवांत झोपलेली होती. डिस्क भरलीय का? नव्हती. घड्याळ चुकलंय का? बरोबर होतं. अर्धा तास त्यांनी असा मशीनचा कानाकोपरा झाडला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. लिनक्सवर एखादी सेवा पडली की ती का पडली हे नोंदवहीत लिहिलेलं असतं. तीन महिन्यांचा शिकाऊसुद्धा आधी नोंदवही उघडतो. गयासभाईंनी आयुष्यात शंभर जणांना सांगितलं होतं, "पहले लॉग देखो, बादमें दिमाग चलाओ." आणि आज तेच काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालत होते. का, ते त्यांना ठाऊक होतं. दोष सापडला की मशीन सुरू होणार. मशीन सुरू झालं की अकरावं प्रकरण ऐकायचं. आणि ते ऐकून झालं की फहमिदा संपणार.

टेबलावरचा फोन वाजायला लागला. रत्नमालाताई पलीकडं कुणाशी तरी बोलत होत्या. टेलिफोन खात्यातल्या माणसाला वाजता फोन बघवत नाही. गयासभाईंनी उचलला.

"हॅलो, म्या साहेबराव बोलायलोय, फुलंब्रीहून. आज पुस्तक लागंना, का बरं?"

"मशीन बिघडलंय. दुपारपर्यंत होईल."

"होऊ द्या निवांत. दुसरंच इचारायचं व्हतं. ते जहाजाचं पुस्तक हाय ना, बाई वाचत्यात ते? बाई जहाज वादळात सोडून गेल्या. आठ म्हैने झालं, जहाज तिथंच डुलायलंय बघा."

गयासभाईंनी पडद्याकडं पाठ केली.

"शेवटाला म्हणत्यात, पुढची फाइल बारा. म्या रोज बारा लावून बघतो. बारा काय येत नाय. मंग पुन्यांदा अकराच ऐकतो. बाई बऱ्या हायत ना?"

प्रत्येक फाइलच्या शेवटी पुढच्या फाइलचा आकडा सांगायचा, हा ग्रंथालयाचा नियम. ज्याला दिसत नाही त्यानं पडद्यावर शोधत बसू नये म्हणून.

"साहेबराव," गयासभाई म्हणाले, "बाई गेल्या. आठ महिने झाले."

फुलंब्रीच्या बाजूला कुठंतरी कोंबडं आरवलं.

"मला तर परवा बोलल्या," साहेबराव हळू म्हणाले. मग, "तुम्ही कोण बोलायलाव?"

"मी त्यांचा नवरा."

"भाऊ, म्या कंडक्टर व्हतो. डोळे गेले तवा घरात बसलो. समिंदर काय म्या बघितला नाय कवा, डोळे व्हते तवाबी नाय. बाईनं दाखिवला. लई झाक दाखिवला. तुमच्यावर लई वाईट येळ आली. म्या उगंच जहाजाचं काढलं."

"नाही, नाही. बरं केलंत."

फोन ठेवल्यावर गयासभाई तसेच बसून राहिले. तिला आपणच रोज ऐकतो असा त्यांचा समज होता. फुलंब्रीत आणखी एक माणूस रोज तेच अकरावं प्रकरण ऐकत होता, आणि त्याच्या लेखी ती गेलेलीच नव्हती. मोठा धक्का बसला तो याचाच, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

मग त्यांनी नोंदवही उघडली. दोष पहिल्याच पानावर लिहिलेला होता. नियमांच्या फाइलीत एकतिसावी ओळ, नाव सापडत नाही. आणि त्या नावाखाली मशीननं छोट्या छोट्या खुणांची रांग काढून दाखवली होती, म्हणजे कुठलं नाव ते कळावं.

फहमिदा.

घरच्या इंटरनेटचा नंबर दोन-चार दिवसांनी बदलतो. राखणदाराला नंबर देऊन ठेवले तर ते शिळे होतात. म्हणून गयासभाईंनी प्रत्येक वाचकाच्या घराला एक नाव दिलं होतं आणि नियमांमध्ये ती नावंच लिहिली होती. चौदा वाचक, चौदा नावं, पहिलं फहमिदाचं. वाचकाचा कॉम्प्युटर चालू झाला की तो नावांची नोंद ठेवणाऱ्या एका फुकट सेवेला कळवतो, मी सध्या अमुक नंबरावर आहे. सहा महिने कुणी कळवलंच नाही तर ती सेवा नाव झोपवून टाकते. रत्नमालाताईंनी तेव्हाच विचारलं होतं, "भाई, एखादं नाव सापडलं नाही तर?" गयासभाईंनी हसून उत्तर दिलं होतं, "ताई, छत्तीस वर्षं नंबरांमध्ये घालवली. नंबर बदलतात. माणूस कुठं जातो?"

राखणदाराचा स्वभाव मात्र फार कडक. यादीतलं एक नाव जरी सापडलं नाही तरी तो सगळी यादी नाकारतो. रोज पहाटे यादी नव्यानं वाचली जायची, आणि वाचताना अडलं तर जुनीच चालू राहायची. त्यामुळं दोन महिने फहमिदाचं नाव सापडत नव्हतं तरी कुणाला पत्ता लागला नाही. नंबर शिळे झाल्यानं त्या काळात फाइल पाठवणारे दोन-तीन वाचक ती जात नाही म्हणून कुरकुरत होते तेवढंच. काल मशीन बंद झालं. आज जुनी यादी नव्हती आणि नवी स्वीकारायला राखणदार तयार नव्हता.

फहमिदाचा कॉम्प्युटर आठ महिने बंद होता. शेवटच्या दिवशी तिनंच तो बंद केला होता आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर आपली जुनी सुती ओढणी टाकली होती. तिनं बंद केलेलं आपण कसं सुरू करायचं, म्हणून गयासभाईंनी त्याला हात लावला नव्हता.

मघाचाच हुकूम पुन्हा द्यावा म्हणून त्यांनी वरच्या बाणाचं बटण दाबलं. हे बटण दाबलं की मशीन आधी दिलेले हुकूम एकेक करून परत दाखवतं. बोट एकदा जास्त दाबलं गेलं, मग आणखी एकदा, आणि त्यांनी न दिलेले हुकूम वर यायला लागले. नोंदवही उघडली होती. नियमांची फाइल थेट एकतिसाव्या ओळीवर उघडली होती. फहमिदाच्या नावाला हाक मारून बघितली होती, एकदा नाही, चार वेळा. वेळ सकाळी पावणेनऊची. फाइलीत मात्र काडीचा बदल केलेला नव्हता.

"रत्नमालाताई," त्यांनी हाक मारली.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्हाला सकाळीच समजलं होतं."

"व्हय."

"आणि मला फोनवर म्हणालात, काही समजत नाही. वेड पांघरून पेडगावला!"

"मग काय करू भाई?" रत्नमालाताईंनी पदर हातात घेतला. "एक ओळ पुसायची व्हती, दुसरं काय नाय. बोट बटणावर नेलं. दाबवंना. पहिलं नाव आपांचं. मला माईकसमोर श्वास कसा घ्यायचा ते आपांनी शिकवलं. त्यांचं नाव मी कशी पुसू? पुसायचंच असलं तर तुम्ही पुसा, नाय तर राहू द्या म्हणलं बंद." मग जरा रागानंच म्हणाल्या, "आणि आठ महिने तुम्ही तोंड दाखवलं नाय. आपा गेल्या म्हणजे आम्हीबी गेलो का?"

गयासभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच एका घोटात संपवला.

"ओळीच्या आधी फुली टाकली तर?" रत्नमालाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाव राहील. मशीन फक्त ते वाचणार नाय."

ही रीतसर सोय होती. ओळ पुसायची नसेल तर तिच्यापुढं एक खूण करायची, मशीन तेवढी ओळ सोडून देतं. गयासभाईंनी ती खूण टाकलीसुद्धा. एक क्षण बघितली आणि काढली.

"नाही ताई. नाव असून नसल्यासारखं करायचं, हे काय बरं नाही." ते खुर्चीत सरळ बसले. "आणि दोष तिच्या बाजूला नाहीच. माणूस जातो. तो काही बिघाड नाही. बिघाड माझ्या लिहिण्यात आहे. एक घर गप्प झालं की सगळं ग्रंथालय बंद, असं कुणी लिहितं का? उद्या मी गेलो, परवा आणखी कुणी. दर वेळी तुम्ही काय, पदर धरून बसणार?"

"तोंडाला येईल ते बोलू नका."

"आपल्या बाजूचा दोष आहे. आपण काढू."

असं म्हणून ते कामाला लागले, आणि रत्नमालाताई आता खरोखरच बाजूला खुर्ची ओढून प्रत्येक ओळ विचारू लागल्या. गयासभाईंनी चौदाही नावं राखणदाराच्या फाइलीतून उचलली आणि वेगळ्या यादीत ठेवली. राखणदाराला फक्त एक रिकामी वही दिली. या वहीत ज्यांचे नंबर असतील त्यांना आत सोड, वही रिकामी असेल तर कुणाला सोडू नकोस, पण तू उभा राहा. मग त्यांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दर पंधरा मिनिटांनी यादीतल्या प्रत्येक नावाला हाक मारायची. ओ आली तर नंबर वहीत लिहायचा. ओ नाही आली तर पुढच्या नावाकडे जायचं, कुठं अडायचं नाही, काही पुसायचं नाही. आणि शेवटी पडद्यावर सांगायचं, कितीपैकी किती सापडले.

दोनदा चुकलं. एकदा कंस राहिला, एकदा फाइलीचा पत्ता चुकला. दीड तास गेला. शेवटी त्यांनी फायरवॉल सुरू करायचा हुकूम दिला.

हिरवी अक्षरं आली. सुरू आहे. पाठोपाठ ग्रंथालयही उघडलं. मग नावांच्या प्रोग्रॅमनं एकेकाला हाक मारली आणि खाली एक ओळ उमटली. चौदापैकी तेरा.

रत्नमालाताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. "आपांना पण हाक मारली का त्यानं?"

"पहिली तिलाच मारली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मारील."

"किती दिवस?"

"मशीन चालू आहे तोवर. त्याला कंटाळा येत नाही."

ते उठले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. रत्नमालाताई स्कूटरपर्यंत आल्या. जहाजाचं पुस्तक अजून गयासभाईंच्या घरीच होतं. ग्रंथालयाचा दुसरा नियम होता, एक पुस्तक, एक आवाज. वाचकानं परत केल्याशिवाय ते दुसऱ्याला देत नसत, आणि ताईंनी आठ महिन्यांत ते कधी मागितलं नव्हतं.

"पुस्तक उद्या आणून देतो," गयासभाई म्हणाले. "साहेबरावांचं जहाज अडलंय."

"घाई नाय भाई. ते आपांच्याच नावावर हाय."

घरी येऊन त्यांनी हात-पाय धुतले, नमाज पढली आणि जेवायचं टाळून फोन घेऊन बसले. गच्चीवर ऊन होतं म्हणून फहमिदाच्या खोलीत बसले. अकरावं प्रकरण लावलं.

"प्रकरण अकरावं. वाचक फहमिदा," ती म्हणाली, आणि वाचायला लागली. वारा सुटला, शिडं फाटली, खलाशी ओरडले. फहमिदा कधी आवाज चढवून नाटक करायची नाही. मुलांना समजावून सांगावं तसं वादळही ती नीट, सावकाश सांगायची. मध्येच मागं एक घरघर ऐकू आली. गल्लीत पाणी ओढायच्या मोटारी लागल्या होत्या. नळाला आठवड्यानं पाणी येणारा तो दिवस असणार. पाण्याच्या दिवशी ती वाचायला बसत नसे, सगळ्या गल्लीची घरघर फाइलीत येते म्हणून. तरी त्या दिवशी बसली होती. तिला घाई होती, हे गयासभाईंना आज पहिल्यांदा समजलं. दवाखान्यात जायच्या आधी तिला हे पुस्तक संपवायचं होतं. शेजारच्या खोलीत ते पाण्याची टाकी भरत होते आणि ती एकटी जहाज किनाऱ्याला लावायला धडपडत होती.

त्यांना रडू आलं. घरात कुणी नव्हतं, त्यांनी ते येऊ दिलं.

जहाज एका बाजूला कललं आणि तिथंच ती थांबली. "प्रकरण अकरावं संपलं," ती म्हणाली. एक श्वास घेतला. "पुढची फाइल बारा."

रोजच्या बोलण्यात ती असंच सांगायची. कुकर तीन शिट्ट्यांनी बंद करा. दूध वर ठेवा. तिचा आवाज बंद झाला तरी सांगितलेलं काम शिल्लक राहायचं, आणि ते विसरलं तर संध्याकाळी ऐकून घ्यावं लागायचं. पुढची फाइल बारा, हेही तिनं सांगूनच ठेवलं होतं. आठ महिने साहेबराव ते काम एकटे करत होते, बारा लावून बघत होते. बारा करायचं काम मात्र या घरातलं होतं.

गयासभाई उठले. कॉम्प्युटरवरची ओढणी त्यांनी उचलली, झटकली नाही, घडी घालून उशीवर ठेवली. बटण दाबलं. पंखा जरा खरखरला, मग नीट फिरायला लागला. पडदा उजळला. कोपऱ्यात, मी अमुक नंबरावर आहे असं सांगणारी छोटी खूण हिरवी झाली.

पुस्तक टेबलाच्या खणात होतं. बाराव्या प्रकरणात पाण्याच्या टँकरवाल्याची चिठ्ठी खूण म्हणून घातलेली होती. आपली मराठी एक्सचेंजमधली, लोकांना 'लाइन व्यस्त आहे' सांगण्यापुरती, असं ते म्हणायचे, आणि फहमिदा म्हणायची, "मग तेवढं तरी नीट म्हणा." एक पुस्तक, एक आवाज हा नियम मोडत होता हे त्यांना दिसत होतं. पण पुस्तक तिच्याच नावावर होतं आणि घरही. रत्नमालाताईंना काय ओरडायचं ते त्या ओरडतील.

ती करायची तसं सगळं त्यांनी केलं. खिडकी लावली. पंखा बंद केला. दाराखाली चादर सरकवली. घोटभर कोमट पाणी प्यायले. माईक तिच्या तोंडाच्या उंचीला होता, तो चार बोटं वर घेतला.

"प्रकरण बारावं," ते म्हणाले. आवाज त्यांना परका वाटला. "वाचक..."

आणि टेबलावरचा फोन खणखणला. माईक सुरू करायच्या आधी फोन बंद करायचा असतो, हे फहमिदानं त्यांना कमीत कमी शंभरदा सांगितलं असेल.

"भाई," पलीकडून रत्नमालाताई म्हणाल्या. मागं मशीनच्या पंख्याचा आवाज येत होता. "भाई, चौदा झाले."

गयासभाईंनी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या हिरव्या खुणेकडं बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "आता ठेवा ताई. आपण वाचायला बसलोय."

त्यांनी फोन बंद केला, घसा खाकरला, मोडलेली फाइल पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.